आक्कांचा चौथा प्रश्न

प्रिय रेवा आणि ईशान,

तुम्हा दोघांना मराठी सावकाश वाचता येतं, म्हणून मीही सावकाशच लिहिते आहे. एका बैठकीत संपवायची घाई करू नका. अडलं तर आईला विचारा. मात्र बाबांनाही हे वाचायला लावा, कारण यातला मधला भाग त्यांनाही ठाऊक नाही.

तुमच्या पलूसच्या आजीला, आक्कांना, जाऊन आता सहा आठवडे झाले. त्या सकाळी मी इथे साताऱ्यात गॅलरीत कपडे वाळत घालत होते. फोन वाजला आणि पलीकडून तुमच्या पलूसच्या आजोबांचा, आबांचा आवाज आला. आबांनी मला आपणहून कधीच फोन केला नव्हता. फोन नेहमी आक्का लावायच्या आणि आबा मागून नुसते खाकरायचे. त्यामुळे ते बोलायच्या आधीच मला कळलं. "बाई, ही गेली," एवढंच ते म्हणाले.

पुढे पंधरा दिवसांनी तुम्ही सगळे स्क्रीनवर दिसलात तेव्हा रेवा, तू विचारलंस की पलूसच्या आजीनं तर सगळं बरोबर केलं होतं. वाचून, मोजून, विचार करून खाल्लं, रोज चालली, मग ती चौऱ्याहत्तराव्या वर्षी अशी अचानक कशी गेली, आणि मग त्या सगळ्याचा उपयोग काय झाला? प्रश्न चांगला होता. मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात तुमचे बाबा मागून म्हणाले, "त्याच प्रयोगांपायी एकदा आबा जाता जाता वाचलेत, ते विसरू नका." ते रागानं म्हणाले नाहीत, थकून म्हणाले. पण त्या वाक्यात एक चूक आहे. ती सात वर्षं तशीच राहिली आहे आणि ती दुरुस्त करू शकेल अशी मी एकटीच आता उरले आहे. म्हणून हे आत्ता लिहिते आहे.

तुमच्या आईबाबांचं लग्न ठरलं त्या वेळी आक्का पहिल्यांदा साताऱ्याला आमच्या घरी आल्या. कागदोपत्री त्यांचं नाव वत्सला, पण गावात सगळे आक्काच म्हणत. सोबत घरची हळद आणि गुळाची ढेप होती. पुरुषमंडळी बाहेरच्या खोलीत देण्याघेण्याचं बोलत बसली आणि आक्का सरळ आत आल्या, माझ्या लोखंडी कपाटापुढे उभ्या राहिल्या. माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं, पुढे तीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. शिस्त हा माझा गुण आहे असं मीच मानत आले आहे. त्या कपाटात माझ्या फायली होत्या. हृदय, हाडे, मधुमेह, पचन, अशा चिठ्ठ्या लावलेल्या. इंग्रजी वर्तमानपत्रांत आरोग्यावर जे जे छापून येई ते मी दर रविवारी कापून त्यांत लावत असे आणि ताज्या कात्रणाप्रमाणे घरातलं खाणं बदलत असे. तुमच्या साताऱ्याच्या आजोबांनी त्या काळात एक महिना कारल्याचा रस सोसला आणि पुढचा महिना भाताशिवाय काढला.

आक्कांनी मला 'हृदय' फाईल वाचून दाखवायला लावली. एका कात्रणात खोबरेल तेल वाईट होतं. चार पानं पुढे तेच खोबरेल तेल चांगलं होतं. मी दोन्ही सारख्याच निष्ठेनं लावलेली.

"आवं बाई," त्या म्हणाल्या, "तुमची फाईल आपापसात भांडतीया की."

मी शिक्षिकेच्या आवाजात सांगितलं की संशोधन पुढे जातं तशी मतं बदलतात. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, हे कुणावर करून बघितलं होतं? उंदरावर का माणसावर? कात्रणात ते लिहिलेलं नव्हतं. असलं तरी मी तो भाग कापताना सोडून दिला असणार, कारण मला मथळा आणि सल्ला एवढंच हवं असे. सातवी झालेल्या एका बाईनं माझ्या कपाटासमोर उभं राहून माझीच फाईल तपासली होती. खरं सांगते, मला तेव्हा त्या आवडल्या नाहीत.

त्यांना हे कुठून सुचलं ते मला पलूसला गेल्यावर समजलं. आबा फौजेत सुभेदार होते. ते सीमेवर असताना अठरा वर्षं उसाची शेती आक्कांनी एकटीनं पाहिली. कृषी खात्याचा माणूस नवीन खत घेऊन आला की प्रात्यक्षिकाचा प्लॉट त्यांच्याच रानात होई, कारण त्या सांगितलेलं काम चोख करत आणि झालेलं खरं सांगत. त्या मला बांधावर घेऊन गेल्या आणि दाखवलं, या चार सऱ्यांत खत घालायचं आणि शेजारच्या चार तशाच सोडायच्या. सोडल्याच नाहीत, तर ऊस खतानं वाढला का पाण्यानं, हे कसं कळणार? मी महाविद्यालयात असताना हीच गोष्ट जाड इंग्रजी पुस्तकात वाचली होती आणि परीक्षेनंतर विसरले होते. आक्कांनी ती उभ्या उसात शिकलेली होती आणि ती ताटातल्या अन्नालाही लावायची हे त्यांना आपोआप सुचलं होतं.

तिथून आमचा बुधवार सुरू झाला. दर बुधवारी दुपारी तीनला फोन. तुमचे बाबा परदेशी गेल्यावर मला त्यांनी नेटवर मूळ संशोधन कसं शोधायचं ते शिकवलं होतं. मी वाचायची, मराठीत सांगायची, आणि आक्का तीन प्रश्न विचारायच्या. कुणावर केलं? किती जणांवर आणि किती दिवस? आणि चार सऱ्या सोडल्या होत्या का? बहुतेक गोष्टी पहिल्या दोन प्रश्नांतच बाद व्हायच्या. अमुक बी खाल्लं की सांधे दुखत नाहीत असं मी उत्साहानं सांगावं, आणि शेवटी ते वीस तरुण मुलांवर पंधरा दिवस केलेलं निघावं. आक्का म्हणायच्या, त्या पोरांचे सांधे आधी तरी कुठं दुखत होते? जे तीन प्रश्नांतून सुटे तेवढंच पलूसच्या स्वयंपाकघरात जाई. तेही एका वेळी एकच. आधीचं बसल्याशिवाय दुसरं काही बदलायचं नाही, आणि जे बदललं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहायचं, असा त्यांचा नेम होता.

प्रयोगाला माणूस एकच होता, तुमचे आबा. त्यांना बरीच वर्षं मधुमेह. जेवणानंतर थोडं चाललं की साखर कमी चढते हे मी वाचून सांगितलं, तेव्हा आक्कांनी आठवडाभर दुपारच्या जेवणानंतर त्यांना बसवून ठेवलं आणि पुढचा आठवडा उसाच्या बांधापर्यंत चालवलं. रोज तीच भाकरी, तेवढीच भाजी, आणि दोन्ही आठवडे बोटाला सुई टोचून आकडा. आबा म्हणायचे, एवढं रक्त तर मी फौजेत सांडलं नाही. आकड्यांनी चालण्याच्या बाजूनं कौल दिला, आणि त्या दिवसापासून आबा चालतात. मग एकदा आबांची मधुमेहींसाठीची म्हणून मिळणारी बिस्किटं पकडली गेली. डब्यावर साखर नाही असं मोठ्या अक्षरात होतं, म्हणून ते निर्धास्त खात. आक्कांनी भांडण केलं नाही. एक दिवस चार बिस्किटं दिली, एक दिवस तेवढ्याच भुकेला हरभऱ्याची उसळ दिली, आणि दोन्ही आकडे आबांना स्वतःच कॅलेंडरवर लिहायला लावले. सुभेदारांनी आपल्या हातानं लिहिलेला पुरावा मान्य केला. चहातली साखर अर्धी झाली तेव्हा आबांचे धाकटे भाऊ नाना म्हणाले, "वैनी, कारखान्याला कळलं तर आपला ऊस न्यायचं बंद करतील." आक्का त्यावर सगळ्यांत जास्त हसल्या.

हे सगळं मी एवढं लांबण लावून सांगते आहे ते याचसाठी की पुढे जे झालं ते आक्कांच्या बेफिकिरीनं झालं, असं तुम्हाला वाटू नये. घरात तसंच समजतात.

सात वर्षांपूर्वी मी मिठाबद्दलचं एक संशोधन वाचलं. नेहमीच्या मिठातला काही भाग काढून त्या जागी पोटॅशियमचं मीठ मिसळलं, तर रक्तदाब उतरतो असं त्यात दिसलं होतं. आबांचा रक्तदाब तेव्हा गोळ्या घेऊनही वर राहत होता. आक्कांनी तीन प्रश्न विचारले, आणि काय सांगू, तिन्हींची उत्तरं इतकी चांगली आजवर कधी आली नव्हती. गावाकडची, मोठ्या वयाची माणसं होती, पुष्कळ होती, दिवस भरपूर होते, आणि तुलनेला नेहमीचंच मीठ खाणारी माणसंही होती. आक्का फोनवर एकदम खुलल्या. "आमच्यासारखीच माणसं की वो ही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "आनि काय लिवलंय त्यात?"

पुढे अभ्यासात कुणाला घेतलं आणि कुणाला नाही, यावर एक परिच्छेद होता. मला तो दिसला होता. मी बोटानं तो वर सरकवला. त्या दिवशी मला कसलीही घाई नव्हती, दुसरीकडे लक्ष नव्हतं. तो मला नुसता कंटाळवाणा वाटला. मी म्हणाले, "बाकी तांत्रिक आहे."

हे तीन शब्द मी सात वर्षं बरोबर घेऊन फिरते आहे.

आक्कांनी सांगलीहून ते मीठ मागवलं, कॅलेंडरवर तारीख लिहिली आणि आबांच्या जेवणापुरतं वापरायला सुरुवात केली. पुडीच्या मागे बारीक इंग्रजीत सूचना होती. आक्कांना इंग्रजी येत नव्हतं, आणि इंग्रजीसाठी त्यांच्याकडे मी होते. रक्तदाब खरोखरच उतरू लागला. दोन बुधवार आम्ही दोघी आनंदात होतो. तिसऱ्या आठवड्यात आबांना पायांत जोर वाटेना. एका सकाळी ते गोठ्याच्या पायरीवर बसले आणि त्यांना उठताच येईना. नाडी फार सावकाश लागत होती. नानांनी गाडी काढली. आक्कांनी निघताना दोन गोष्टी घेतल्या. एक मिठाची पुडी, आणि दुसरं, खिळ्यासकट ओढून काढलेलं कॅलेंडर.

मी साताऱ्याहून निघून कराडमार्गे सांगलीच्या दवाखान्यात पोचले तोवर दुपार झाली होती. रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर गेलं होतं, हृदयावर परिणाम दिसत होता, इंजेक्शनं चालू होती. आबांची मूत्रपिंडं मधुमेहानं आधीच थोडी कमजोर झालेली होती आणि त्यांची रक्तदाबाची गोळीही शरीरात पोटॅशियम धरून ठेवणारी होती. अशा माणसाला ते मीठ चालत नाही. डॉक्टर तरुण होते आणि चिडलेले होते. तरी त्यांनी एक गोष्ट मोकळेपणानं सांगितली, की या बाईंनी आल्याआल्या पुडी आणि कॅलेंडर समोर ठेवून 'वीस दिवसांत ह्ये एकच बदललंय' असं सांगितलं, म्हणून शोधण्यात वेळ गेला नाही. मग त्यांनी विचारलं, हे मीठ द्यायला तुम्हाला सांगितलं कुणी?

मी आक्कांपासून दोन हातांवर उभी होते.

"मीच आनलं," आक्का म्हणाल्या. "माझ्याच मनानं."

मी तेव्हाच पुढे व्हायला हवं होतं, झाले नाही. आणि पहिला क्षण गेला की दुसरा क्षण त्याहून कठीण होतो, हे मला त्या व्हरांड्यात कळलं. नाना सगळ्यांसमोर म्हणाले, डॉक्टर व्हायचा शौक लय महागात पडला असता वैनी. तुमच्या बाबांनी परदेशातून फोन केला आणि ते आपल्या आईला इतकं बोलले, की पलीकडून रडण्याचा आवाज आला तो त्यांचाच होता. आक्का नुसतं "व्हय बाळा, चुकलं" म्हणत राहिल्या. पुढे भावकीत कुठेही जेवायला गेलं की कुणीतरी हटकून विचारी, भाजीत मीठ आक्कांनी तर घातलं नाही ना? आक्का हसायच्या. मी त्या पंगतीत बसलेली असायची.

आबा चौथ्या दिवशी घरी आले. मी साताऱ्याला परतले आणि कपाट उघडलं. नात्यातल्या सगळ्यांचे तपासणीचे कागद नीट लावून ठेवायची मला हौस, त्यामुळे आबांचे जुने रिपोर्टही माझ्याकडेच होते. मूत्रपिंडाचा आकडा थोडा वाढला आहे, लक्ष ठेवा, असं त्यात होतं. ती फाईल आणि मी छापून ठेवलेलं ते मिठाचं संशोधन एकाच फळीवर शेजारीशेजारी उभं होतं. मी संशोधन काढलं आणि सरकवलेला परिच्छेद वाचला. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे, किंवा जे पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या घेतात, अशा माणसांना त्यात मुळात घेतलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी पलूसला गेले. आक्का घराच्या पुढच्या सोप्यात शेवग्याचा पाला निवडत बसल्या होत्या. आबा आत झोपलेले. मी कागद काढला, ओळ इंग्रजीत वाचली, मराठीत सांगितली, आणि ती मला त्या दिवशी दिसली होती हेही सांगितलं. मला वाटलं त्या उठून आत जातील. त्यांनी पाला निवडणं थांबवलं नाही.

मग त्यांनी मला एक जुनी गोष्ट सांगितली. एकदा प्लॉटातलं खत फार चांगलं लागलं म्हणून त्यांनी पुढच्या वर्षी तेच खत सगळ्या रानाला घातलं, ओढ्याकडच्या क्षारपड तुकड्यालाही. त्या तुकड्यातला होता नव्हता तोही ऊस पिवळा पडला. कृषी खात्याच्या माणसाला विचारायला गेल्या तर तो म्हणाला, आक्का, प्लॉट आखताना खारं रान आपण आधीच बाजूला नव्हतं का काढलं?

"ह्यांचं शरीर म्हंजे ते वड्याकडचं रान," आक्का म्हणाल्या. "मला आधीचा धडा हुता, तरी मी इचारलं न्हाई. तुमी वाचलं न्हाई, आन मी इचारलं न्हाई. निम्मं निम्मं."

मी म्हणाले, निम्मं नाही. आणि हे मी आजच सगळ्यांना सांगणार आहे, आबा उठले की त्यांना, मग नानांना, आणि जावयांना फोन करून.

तेव्हा मात्र त्यांनी मांडीवरची पाल्याची सुपली खाली ठेवली. "न्हाई सांगायचं. तुमची लेक माझी सून हाय. आज तुमचं नाव निघालं, तर उद्यापास्नं ही भावकी तिला आयुष्यभर ऐकवंल, तुझ्या आईनं सासरा मारला असता म्हनून. सुनंच्या माहेराचं नाव एकदा निघालं की कवा मिटत न्हाई, बाई. सासूचं काय हाय? सासू बोलनी खायालाच आसती."

मी शाळेतली बाई होते, शिकलेली होते, मुलींना वर्गात खरं बोलायला शिकवलेलं होतं. मी गप्प बसले, कारण त्या माझ्या मुलीसाठी बोलत होत्या आणि त्यांचं म्हणणं खरं होतं. आणि कारण मला ते सोयीचं होतं. दोन्ही कारणं लिहिते, एकच लिहिलं तर पुन्हा मी निम्मंच वाचून दाखवल्यासारखं होईल.

मला वाटलं होतं, बुधवार आता बंद. पण पुढच्याच बुधवारी तीनला फोन वाजला. आक्का म्हणाल्या, आजपासून प्रश्न चार. चौथा, कुणाला घेतलं न्हवतं? आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

त्या चौथ्या प्रश्नानं आमचं वाचनच बदललं. गल्लीतली एक गरोदर मुलगी फोनवर बघून कसलासा काढा घेत होती. आक्कांनी तिला रागावलं नाही. माझ्याकडून शोधून घेतलं की त्याच्या अभ्यासात एकही गरोदर बाई नव्हती, आणि तिला एवढंच सांगितलं की तुझ्यासारखी त्यात कुणी नव्हती, तवा तुझ्या डॉक्टरीणबाईंना आधी विचार. ईशान, तू सतरा वर्षांचा असताना सोळा-सोळा तास उपाशी राहायला लागलास, तेव्हा सगळे तुला ओरडत होते. आक्कांनी फक्त विचारलं होतं, बाळा, तुझ्या वयाची वाढती पोरं घेतली हुती का त्यात? तू शोधलंस आणि दोन दिवसांनी मुकाट्यानं नाश्ता करायला लागलास. तो प्रश्न कुठून आला होता हे तुला आज कळतंय.

आणि त्या प्रश्नाचं एक उत्तर आम्हा दोघींना पुन्हा पुन्हा मिळत गेलं. कितीतरी अभ्यासांत वय झालेल्या बायका नसतच. असल्या तर परदेशातल्या. शेतात राबलेल्या, भाकरी खाणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या बायका जवळजवळ कुठेच नाहीत. आक्का एकदा म्हणाल्या, म्हणजे आपण कुठं न्हाईच की. आणि लगेच म्हणाल्या, मग आपलं आपण लिहू. तेव्हापासून कॅलेंडरवर आबांच्या आकड्यांखाली त्यांचेही आकडे येऊ लागले. रक्तदाब, वजन, किती चालल्या, झोप कशी लागली.

रेवा, आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आजीच्या मेंदूतली एक नाजूक रक्तवाहिनी फुटली. डॉक्टर म्हणाले, ती बहुधा पहिल्यापासूनच तशी असावी. त्यांचा रक्तदाब चांगला होता, मी शेवटच्या महिन्याचे आकडे पाहिले आहेत. त्यांनी खाल्लेल्या कशानं ती फुटली नाही, आणि त्यांनी खाल्लेलं काही तिला थांबवूही शकलं नसतं. शेजारचा एक निर्व्यसनी माणूस फुप्फुसाच्या आजारानं गेला, तेव्हा मी आक्कांना अगदी तुझाच प्रश्न विचारला होता. त्या म्हणाल्या होत्या की खत घातलेल्या सरीतही एखादा ऊस वाळतो, पण मोजायची असते ती सगळी सरी. मला याहून चांगलं उत्तर देता येत नाही. आक्का संशोधनाकडे हमी म्हणून बघत नसत. जास्त शहाणपणानं निवडायचं साधन, एवढंच. त्यापलीकडचं आपल्या हातात नाही हे त्यांना आपल्या सगळ्यांपेक्षा आधी मान्य होतं.

हे सगळं लिहून झाल्यावर पाठवायच्या आधी मी गेल्या आठवड्यात पलूसला गेले. तुमच्या आईला मी आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं. ती म्हणाली, भावकीचं काय ऐकायचं ते मी ऐकेन, तू पाठव. मग आबांना समोर बसवून पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. आबा खाटेवर ताठ बसून ऐकत होते, फौजेत बसत असतील तसे. वाचून झालं. मी माफी मागितली.

"मला ठावं हुतं," आबा म्हणाले.

मी कागद खाली ठेवला.

"तिला विंग्रजी कुठं येत हुतं, बाई? कुनी तरी वाचून दिल्याबिगर तिनं मीठ आनलं आसंल व्हय? दवाखान्यात पडल्या पडल्याच कळलं मला. पर ती बोलली न्हाई. तिनं बोलायचं न्हाई असं ठरवलं, मग मी कशापायी बोलू?" मग ते खिडकीकडे बघत म्हणाले, "समद्या घरात कुनालाच कसं सुचलं न्हाई, ह्येचंच नवल वाटायचं. तिला नावं ठेवायची हुती, म्हनून कुनी इचारच केला न्हाई."

थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि मला सांगितलं की हे पाठवा, नानाला मी वाचून दाखवीन. फक्त एक वाक्य त्यात घाला. म्हणून घालते आहे: मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरातलं मीठ बदलू नका.

आता तुमच्या बाबांसाठी. संजय, तुम्ही आईला त्या दिवशी जे बोललात ते मला बोलायला हवं होतं. आता बोला, मी ऐकेन.

आबा एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. गेल्या महिन्यातले त्यांचे रिपोर्ट ठीक आहेत. दुपारी जेवण झालं की ते एकटे चालून येतात. पलूसच्या स्वयंपाकघरात साधंच मीठ आहे, आणि ते कमी वापरलं जातं.

— तुमची साताऱ्याची आजी